बुढीची बाज, तीन चोर आणि ध्रुव

झरी जामणी तालुक्यातल्या कुठल्याही शेताच्या धुऱ्यावर रात्री उत्तरेकडं तोंड करून उभं राहा. हात सरळ पुढं ताणा, मूठ आवळा आणि ती क्षितिजाला टेकलेली दिसेल अशी धरा. त्या मुठीवर दुसरी मूठ ठेवा. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेपाशी मध्यम तेजाचा, आजूबाजूला फारशी सोबत नसलेला जो तारा दिसेल, तो ध्रुव. ताणलेल्या हाताची मूठ आकाशाचे सुमारे 10 अंश झाकते. आपला तालुका विषुववृत्तापासून उत्तरेला साधारण 20 अंशांवर आहे. ज्या गावाचा जितका अक्षांश, तितकाच ध्रुव त्या गावात क्षितिजाच्या वर असतो. कन्याकुमारीला तो मुठीच्याही आत, जेमतेम 8 अंशांवर दिसतो. लंडनला पाच मुठींच्या वर, 51 अंशांवर. भूगोलाच्या पुस्तकात मुलं पाठ करतात तो अक्षांश असा उघड्या हातानं मोजता येतो.

मी याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. दक्षिणेला पैनगंगा, नदीपलीकडं तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा, मधे टेकड्या, कापसाची आणि तुरीची शेतं, आणि कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या. माझ्या वर्गात गोंड, कोलाम, परधान, बंजारा, कुणबी अशा सगळ्या घरांतली मुलं आहेत. पालकांना सांगून, त्यांनाही सोबत घेऊन, आम्ही थंडीत आणि उन्हाळ्यात आकाश पाहायला बसतो. त्या बैठकांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. उत्तरेचं आकाश आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिथूनच शिकायला हवं, आणि त्या जमिनीवरच्या माणसांनी ते कसं वाचलं हे आधी विचारायला हवं.

बाज पुढं, चोर मागं

सप्तर्षी सगळ्यांना ठाऊक असतात. आमच्या मुलांना ते ‘बुढीची बाज’ म्हणून ठाऊक असतात. चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय आणि मागचे तीन तारे म्हणजे बाज चोरायला निघालेले तीन चोर. एका पोडावर मी एका आजींना विचारलं, “आजी, मग चोरांना बाज सापडते का शेवटी?” त्या म्हणाल्या, “कशी सापडन बाई? बाज निंगते, तिच्या मांगून चोर निंगते. बाज बुडते, मांगून चोर बुडते. जलमभर मांगंच राह्यते ते.”

या उत्तरात खगोलशास्त्रातली एक अचूक नोंद आहे. आपल्याकडून पाहताना सप्तर्षी ईशान्येला उगवतात तेव्हा चौकोन आधी वर येतो आणि तीन ताऱ्यांची शेपटी नंतर. वायव्येला मावळतानाही चौकोन आधी जातो, शेपटी नंतर. चोर पुढं आणि बाज मागं असं कधी होतच नाही. उगवण्याचा क्रम, मावळण्याचा क्रम आणि फिरण्याची दिशा या तिन्ही गोष्टी एका गोष्टीत बसवल्या आहेत. ही गोष्ट ऐकलेलं पोर आयुष्यभर उत्तर आकाशाची दिशा विसरणार नाही.

याहून महत्त्वाचा शब्द आहे ‘बुडते’. सप्तर्षी ध्रुवाभोवती फिरतात, कधीच मावळत नाहीत, असं अनेक पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते उत्तरेकडच्या देशांत खरं आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या ढालीचं वर्णन आहे, त्या ढालीवरचं अस्वल, म्हणजे हेच तारे, सागरात कधी स्नान करत नाही असं तिथं म्हटलं आहे. ग्रीस 38 अंशांच्या आसपास आहे, होमरच्या काळी तिथून तसंच दिसत असे. आपण 20 अंशांवर आहोत. इथून न मावळणारे तारे म्हणजे ध्रुवापासून फक्त 20 अंशांच्या आतले. सप्तर्षी त्यापेक्षा दूर आहेत, म्हणून झरीच्या आकाशात ते रोज उगवतात आणि रोज मावळतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांच्यातला एकही तारा इथं क्षितिजावर नसतो. पोडावरच्या आजींचं वाक्य इथल्या अक्षांशाला धरून आहे, आणि ते पुस्तकातल्या वाक्यापेक्षा बरोबर आहे.

जागलीचं घड्याळ

आमच्याकडं हिवाळ्यात शेतकरी जागलीला जातात. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत उभं पीक आडवं करतात, म्हणून माळ्यावर बसून पिकाची राखण करावी लागते. पूर्वी घड्याळ नव्हतं तेव्हा रात्र ताऱ्यांवर मोजायचे. जुने शेतकरी अजूनही सांगतात की बाज किती वर आली, चोर निघाले का, यावर कोणी झोपायचं आणि कोणी जागायचं हे ठरत असे.

मुलांसोबत हे घड्याळ तपासून पाहता येतं. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झाडं-टेकड्या आड नसतील अशा जागी बसावं. रात्री सव्वाआठच्या सुमारास बाजेचा पहिला पाय, म्हणजे क्रतू, ईशान्येला क्षितिजावर येतो. सव्वादहाच्या सुमारास चारही पाय वर आलेले असतात. मग एकेक चोर निघतो, आणि शेवटचा, म्हणजे मरीची, मध्यरात्र उलटल्यावर येतो. क्षितिजावरच्या धुरकटपणामुळं प्रत्यक्ष दिसायला थोडा आणखी वेळ लागतो. पहिल्या पायापासून शेवटच्या चोरापर्यंत जवळजवळ चार तास जातात. रात्रीचा एक मोठा हिस्सा असा सात ताऱ्यांवर मोजता येतो.

हे घड्याळ ऋतूही सांगतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळं प्रत्येक तारा रोज सुमारे 4 मिनिटं आधी उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. डिसेंबरात सव्वाआठला उगवणारी बाज जानेवारीच्या शेवटी सहाच्या आतच वर येऊ लागते. एप्रिलच्या शेवटी, अंगणात झोपण्याच्या दिवसांत, रात्री नऊला ती उत्तरेला सर्वांत उंच असते, क्षितिजापासून पाच मुठींच्याही थोडी वर. सप्तर्षी शिकायचे असतील तर आपल्याकडं एप्रिल-मे हेच दिवस.

ध्रुव शोधण्याची रीतही तेव्हाच शिकवावी. बाजेचे जे दोन पाय चोरांपासून लांब आहेत ते पुलह आणि क्रतू. पुलहापासून क्रतूकडं रेघ ओढा आणि त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढं जा. तिथं ध्रुव.

चार आणि तीन

या सात ताऱ्यांकडं जगभर लोकांनी पाहिलं आणि प्रत्येकानं आपल्या घरातली गोष्ट तिथं ठेवली. चीनमध्ये त्यात सम्राटाचा रथ दिसला. शांतुंग प्रांतातल्या वू घराण्याच्या दुसऱ्या शतकातल्या स्मारकशिल्पांत सात ताऱ्यांच्या रथात बसलेली आकृती दगडात कोरलेली आहे. इंग्लंडच्या शेतकऱ्यांना त्यात नांगर दिसला. अरबस्तानातल्या लोकांनी चार ताऱ्यांना तिरडी मानलं आणि मागच्या तिघींना तिरडीमागून चालणाऱ्या मुली. मला हे समजलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी वर्गात आधी तेच सांगितलं. वाळवंटातल्या आणि पैनगंगेच्या खोऱ्यातल्या माणसांनी एकमेकांना न विचारता तेच वाचलं होतं: चार पुढं, तीन मागं, आणि मागचे पुढच्यांच्या पाठी लागलेले. चार-तीन ही विभागणी डोळ्याला जाणवते, आणि आकाश फिरताना पाठलाग दिसतो.

चित्रकारांनीही हे तारे सोडले नाहीत. इस्फहानच्या अल्-सूफीनं इ.स. 964 मध्ये स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या हस्तलिखितांत प्रत्येक आकृती दोनदा काढलेली असते, एकदा पृथ्वीवरून दिसते तशी आणि एकदा खगोलगोलावर बाहेरून दिसेल तशी. जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूररनं 1515 मध्ये उत्तर आणि दक्षिण आकाशाचे लाकडी ठशांचे नकाशे छापले; युरोपात छापले गेलेले हे पहिले तारानकाशे. पुढं 1603 मध्ये योहान बायरचा ‘युरानोमेट्रिया’ आला, आणि ताऱ्यांना ग्रीक अक्षरं देण्याची त्यातली पद्धत आजही वापरात आहे. व्हॅन गॉगनं 1888 मध्ये ऱ्होन नदीवरची चांदण्याची रात्र रंगवली. ते दृश्य नैर्ऋत्येकडं पाहून काढलेलं आहे, तरी पाण्यावरच्या आकाशात त्यानं सप्तर्षी ठेवले. उत्तरेचे तारे त्याला चित्रात हवेच होते, म्हणून त्यानं ते तिथं आणले. मुलांना सगळ्यांत आवडतो तो अलास्काचा झेंडा: निळ्या कापडावर सोनेरी सप्तर्षी आणि ध्रुव. तो 1927 मध्ये स्वीकारला गेला आणि त्याची रचना एका शाळकरी मुलानं केली होती.

ऋषी, अरुंधती आणि अंतरं

आपल्याकडच्या ग्रंथांत हे तारे ऋषी झाले: क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ, मरीची. त्याआधीची एक आठवण शतपथ ब्राह्मणात आहे. सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष, म्हणजे अस्वलं, म्हणत असं तिथं सांगितलं आहे. वराहमिहिरानं बृहत्संहितेत सप्तर्षींसाठी वेगळा अध्याय दिला. सप्तर्षी प्रत्येक नक्षत्रात 100 वर्षं राहतात, 27 नक्षत्रांचा फेरा 2700 वर्षांत पुरा होतो, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात तारे नक्षत्रांतून असे सरकत नाहीत, पण या कल्पनेवर उभी राहिलेली कालगणना काश्मीरात शतकानुशतकं चालली.

वसिष्ठ हा मधला चोर. त्याच्या अगदी जवळ एक मंद तारा आहे, ती अरुंधती. महाभारतात कथा आहे की सहा ऋषींच्या पत्नी त्यांच्यापासून दुरावल्या आणि कृत्तिका झाल्या. वसिष्ठांची अरुंधती मात्र जागा सोडून गेली नाही. म्हणून लग्नात नव्या जोडप्याला ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याची रीत आहे. रात्रीचं लग्न असेल, मांडवाचे दिवे थोडा वेळ मालवता येत असतील, तर ती रीत नुसत्या बोटानं न करता खरोखर तारा दाखवून करावी, असं मी प्रत्येक घरी सांगते. वसिष्ठ आणि अरुंधती वेगळे दिसले तर नजर चांगली. दुर्बिणीतून पाहिलं तर वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे असं दिसतं. दुर्बिणीनं ओळखलेल्या पहिल्या जोडताऱ्यांपैकी तो एक.

या सातांत नातंही आहे. रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं 1869 मध्ये दाखवलं की मधले पाच तारे अवकाशात एकाच दिशेनं, एकाच वेगानं चालले आहेत. ते एकाच वायुमेघातून जन्मलेले आहेत आणि आपल्यापासून सुमारे 80 प्रकाशवर्षं दूर आहेत. दोन टोकांचे दोघं मात्र या कुळातले नाहीत. क्रतू 120 हून अधिक प्रकाशवर्षं लांब आहे आणि मरीची 100 हून अधिक. म्हणजे बाजेचा पहिला पाय आणि शेवटचा चोर परके आहेत. त्यांची वाट वेगळी असल्यामुळं लाखभर वर्षांनी ही आकृती मोडलेली असेल. तोपर्यंत माणसांना गोष्ट बदलायला भरपूर वेळ आहे.

ध्रुवही कायम ध्रुव नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळं उत्तर बिंदू ताऱ्यांमधून सरकत राहतो. इ.स.पूर्व 2800 च्या सुमारास कालेय तारकासमूहातला ठुबान हा तारा ध्रुवस्थानी होता. आजचा ध्रुव सुमारे 430 प्रकाशवर्षं दूर आहे आणि खऱ्या उत्तर बिंदूपासून एका अंशापेक्षा कमी सरकलेला आहे. 2100 च्या आसपास तो त्या बिंदूच्या सर्वांत जवळ येईल. आज शाळेत बसलेल्या मुलांची नातवंडं तो पाहतील.

पावसाळ्यानंतरचं उत्तर आकाश

सप्तर्षी बुडालेले असतात तेव्हा उत्तरेला शर्मिष्ठा असते. पाच ठळक ताऱ्यांची वाकडी-तिकडी ओळ, इंग्रजी एम अक्षरासारखी. ती ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूला आहे, त्यामुळं बाज वर असते तेव्हा शर्मिष्ठा खाली, आणि शर्मिष्ठा वर तेव्हा बाज खाली. नोव्हेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास ती उत्तरेला सर्वांत उंच असते.

तिच्या आसपास मराठी तारानकाशात एक पूर्ण कुटुंब मांडलं आहे: वडील वृषपर्वा, मुलगी शर्मिष्ठा, शेजारी देवयानी आणि ययाती. ग्रीकांनी याच ताऱ्यांत सेफियस राजा, त्याची राणी, त्यांची मुलगी आणि तिला सोडवणारा वीर पर्सियस पाहिला. दोन्हीकडं चार माणसं, दोन्हीकडं राजघराणं. आपल्या लोकांनी परकी नावं जशीच्या तशी न घेता महाभारतातलं कुटुंब तिथं बसवलं, आणि ते इतकं नेमकं बसलं की ययातीची गोष्ट ऐकलेल्या मुलाला ही चार नावं लगेच लक्षात राहतात.

देवयानीकडं पाहताना मी मुलांना घाई करू देत नाही. चंद्र नसलेल्या रात्री, नोव्हेंबर–डिसेंबरात सातनंतर, डोळे अंधाराला सरावले की तिथं एक पुसट ढगाळ डाग दिसतो. अल्-सूफीनं त्याची नोंद हजार वर्षांपूर्वी केली. ती आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी दीर्घिका आहे, सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर. आज डोळ्यांत आलेला तिचा प्रकाश निघाला तेव्हा आजच्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. शहरात हे दिसत नाही. आमच्या धुऱ्यावरून ते दुर्बिणीशिवाय दिसतं.

ज्यांनी विचारलं

आमच्या भागातली ही नावं कोणी लिहून ठेवली का? ठेवली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, तेव्हाचा आंध्र आणि मध्य प्रदेशातल्या सुमारे 15 गोंड गावांत जाऊन लोकांना आकाशाबद्दल विचारलं आणि 2013 मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. गोंडांची आकाशाकडं पाहण्याची रीत भारतात इतरत्र आढळणाऱ्या रीतीपेक्षा वेगळी आहे, असं त्यांनी मांडलं. पुढच्या वर्षी बंजारा आणि कोलाम यांच्या आकाशज्ञानावर, आणखी सहकाऱ्यांसह केलेलं काम आलं.

त्यातला एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. बंजारे पिढ्यानपिढ्या बैलांवर माल लादून दूरदूर फिरणारे. रेल्वे आली आणि तो धंदा गेला. कोलाम जंगलात कंदमुळं, मोह, मध गोळा करून जगणारे. दोघं एकाच टापूत राहतात, तरी त्यांचं आकाश वेगळं आहे. माणूस पोट कसं भरतो यावर तो आकाशात काय पाहतो हे अवलंबून असतं. आमच्या शेतकऱ्यांना मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांत पेरणीची तिफण दिसते, ती याच कारणानं.

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. इतर दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांची कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. ती बोलणारी मुलं शाळेत येतात तेव्हा त्यांच्याकडं काही नाही असं समजून शिकवायला सुरुवात करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या आज्यांकडं आकाशाचा जुना, तपासून पाहता येणारा अभ्यास आहे. मी तो तपासला आहे, आणि तो घड्याळाशी जुळतो.

अंधार राखायला हवा

हे सगळं दिसण्यासाठी एकच गोष्ट लागते, अंधार. गावोगावी आता पांढरे एलईडी दिवे आले. रात्री बाईमाणसाला वाटेवर उजेड हवाच, आणि आमच्या भागात वाघ-बिबट्यांमुळं तो जास्तच हवा. पण जो दिवा जमिनीऐवजी आकाशात उजेड फेकतो, तो वाटसरूच्या कामाचा नाही. दिव्याला वरून झाकण घातलं की वाटही दिसते आणि ताराही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पानं हे करून दाखवलं. तिथल्या गावांमधले दिवे खाली प्रकाश टाकणारे केले गेले, आणि जानेवारी 2024 मध्ये पेंच हे भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. विदर्भातलं हे उदाहरण आमच्या ग्रामसभांनी आपलं म्हणावं. नवा खांब बसवताना झाकणाचा दिवा मागायला कुठली मोठी योजना लागत नाही, ठरावात एक ओळ लागते.

शाळांसाठी माझं सांगणं याहून सोपं आहे. प्रत्येक शाळेत एक वही ठेवावी. मुलांनी घरच्या आजी-आजोबांना विचारून ताऱ्यांची नावं तिच्यात लिहावीत. नावापुढं भाषा, गाव, दिशा, महिना आणि रात्रीची वेळ नोंदवावी. मग त्याच महिन्यात, त्याच वेळी, बाहेर जाऊन ते खरं आहे का पाहावं. गोंडी नाव असेल तर गोंडीत, कोलामी असेल तर कोलामीत लिहावं, शेजारी सप्तर्षीचं संस्कृत नाव आणि ग्रीक अस्वलही लिहावं. एकासाठी दुसरं पुसायचं कारण नाही. जी म्हातारी माणसं जागलीच्या रात्री ताऱ्यांवर काढत आली, त्यांची संख्या दर पावसाळ्यागणिक घटते आहे. म्हणून ही वही यंदाच्या एप्रिलमध्ये, बाज उत्तरेला सर्वांत उंच असताना सुरू व्हावी, आणि पहिलं पान घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या नावानं लिहिलं जावं.